शेपटीवाले शब्द आणि वायसरांचा खण

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे खुर्चीतूनच). तुझी कंबर काय म्हणते? भाऊजींनी गोड सोडलं, की तू नुसताच डबा लपवलास?

आता माझी कर्मकहाणी ऐक. कारखान्याच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं वायसर आणि स्प्रिंगा लावून ठेवल्यावर मला आता स्टोअरप्रमुख व्हायचंय. सोमवारी परीक्षा आहे, तीही इंग्रजीची! त्यात ते शेपटीवाले शब्द. एकटा असताना शब्द अगदी गरीब गाय; मागे अप, इन, आउट लागलं की कुणाला शिंग मारील नेम नाही. 'गिव्ह' म्हणजे देणे, हे तूच शिकवलंस. मग 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे आणि 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे, यात कुणी कुणाला काय दिलं, सांग बाई!

मी म्हटलं, आपण स्टोअरवाल्या. डोक्यात राहत नाही ते खणात राहतं. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी केली, शेपटीप्रमाणे वेगळी काढली (अपवाल्या वायसरांच्या खणात, आउटवाल्या स्प्रिंगांच्या) आणि हरवू नयेत म्हणून नेहमीच्या पाकिटांत भरून वर मालाचे नेहमीचे नंबर घातले. इथेच माती खाल्ली. मेकॅनिक वायसरांचं पाकीट घेऊन गेला, मशीन उघडून बसला, आणि पाकिटातून निघाल्या सोळा चिठ्ठ्या! मशीन तासभर बंद. साहेब तणतणत आले. हातात माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: 'पुट अप विथ, म्हणजे निमूट सहन करणे'. माझ्या तोंडातून निघालं, "कूल डाउन, सर!"

अगं, एकही खण न उघडता! साहेब आधी लाल झाले, मग हसायलाच लागले. म्हणाले, "बाई, शेपटी बरोबर लावलीत. फक्त साहेबाला लावायची नसते." तेव्हापासून वाटतंय, हे शब्द बोलून बोलूनच येत असणार. मला जमेल गं, ताई.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता.क. सोमवारपर्यंत रोज संध्याकाळी फोनवर अर्धा तास माझ्याशी इंग्रजीत बोलशील? रागावलीस तरी चालेल, पण इंग्रजीत रागाव.

ता.क. दुसरा. शाळेत असताना तुझी निळी वही हरवली आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. ती हरवली नव्हती. तुझी इंग्रजीची शिकवणी टळावी म्हणून मीच लपवली होती. आता तिच्यातूनच अभ्यास करतेय. 'गिव्ह अप'पुढे तू उदाहरण लिहिलंयस: 'मी धाकटीचा नाद सोडणार नाही.' वाचून रडले गं. ते अजून लागू आहे ना?