खटखट बंद करण्याचा प्रोजेक्ट

३ फेब्रुवारी, सकाळ
अहिल्या घोलवडला भावाकडे गेली. चिकूचा सीझन आहे, शैलेशला पॅकिंगला माणसं कमी पडत असतील. रागाबिगाचा प्रश्न नाही. दोन बॅगा नेल्या, कारण एकीत मावलं नसेल.

दुपार
काय शांतता! तेहतीस वर्षं डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात शिक्के मारले, ते रिटायर झाल्यावर बायकोची खटखट ऐकायला नव्हे.

४ फेब्रुवारी
खरं लिहायला हरकत नाही, ही डायरी कोण वाचतंय. परवा मी तिचा कीबोर्ड पोत्यात घालून माळ्यावर टाकला. समोर तलासरीहून आलेली काळी नावाची बाई बसली होती, रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचा अर्ज अर्धा झाला होता. तेवढं टायमिंग चुकलं.
पण तो कीबोर्ड! पंचवीस-तीस वर्षांचा, विटेसारखा जड, प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग. अहिल्या आमच्या ओट्यावर बसून त्यावर लोकांचे अर्ज टाईप करते आणि गल्लीतली कुत्री उठतात. आणि ही पाड्यावरची माणसं डोळे मिटून तो आवाज ऐकत बसतात. वाचता येत नाही, म्हणून ऐकतात म्हणे. कमाल आहे.

६ फेब्रुवारी
आयडिया! यूट्यूबवर लोक जुने कीबोर्ड नवे करतात. मी तिचाच करणार. बटणं नवी, आवाज शून्य. तिचं काम चालू, माझी झोप चालू. बघून खूश होईल आणि येईल. आठ दिवस पुरे.

७ फेब्रुवारी
बटणं उपटली. कुठलं कुठे होतं याचा फोटो काढायचा राहिला. सगळी घमेल्यात साबणाच्या पाण्यात टाकली. निम्म्यांवरची अक्षरं पुसून गेलीत. काहींना मधोमध खड्डा पडलाय, बोटाच्या मापाचा. एकात माझं बोट घालून पाहिलं, बसलं नाही. मग काम थांबवलं. साबण डोळ्यांत गेला होता.

११ फेब्रुवारी
टीव्ही रिपेअरवाल्या चिमणकडे नेला. त्याने विचारलं, काका, चालू तर आहे, मग खोलायचा कशाला? कारागिरांना व्हिजन नसतं. समजावल्यावर गुजरातीत म्हणाला, थई जशे, म्हणजे होऊन जाईल.

१५ फेब्रुवारी
आठ दिवस होऊन गेले. चिमणचा दोष. घोलवडला फोन केला. शैलेशने उचलला, म्हणाला ताई कामात आहे. मागे ठकठक चालली होती. चिकूच्या खोक्यांना खिळे ठोकत असणार. म्हणजे पॅकिंगचा माझा अंदाज बरोबर.

१९ फेब्रुवारी
तयार! चिकूच्या रंगाची नवी बटणं. जुनी बटणं, स्प्रिंगा, सगळं भंगारात. दाबून पाहिलं, काही ऐकू येईना. वायर लावलीय का, तीनदा तपासली. लावलेली होती. इतकं उत्तम काम झालंय.
दुपारची झोप मात्र अजून लागत नाही. हवा बदललीय.

२३ फेब्रुवारी
घोलवडला जाऊन आलो. अहिल्याने पाणी दिलं, पाहुण्यांच्या ग्लासात. पडवीत टेबलावर टॉवेलखाली काहीतरी जड झाकलेलं होतं. शिलाई मशीन असेल. काळीही आलेली. उत्तम, म्हटलं, डेमो होऊन जाऊ दे. शैलेशच्या कॉम्प्युटरला कीबोर्ड मीच जोडला.
अहिल्याने टाईप करायला घेतलं. काळी डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने डोळे उघडून तिने विचारलं, बाय, थांबलीस का, माझा अर्ज नाय होनार का? होतोय, होतोय, असं दोघांनी सांगितलं. तिला पटेना. तिने आपला कागद पुन्हा कमरेला खोचला.
अहिल्याने मला एवढंच विचारलं, माझी बटणं कुठायत? मी म्हटलं, भंगारात. ती बराच वेळ नव्या बटणांवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, त्या घरात मी आहे हे तेवढ्यानेच कळायचं, तेही तुम्हाला नको झालं.
नव्या गोष्टीला पहिल्यांदा लोक असंच बोलतात. कीबोर्ड मांडीवर घेऊन परत आलो.

२६ फेब्रुवारी
आली नाही. चिमणला विचारलं, भंगार कधीच वापीला गेलं. ओट्यावर दोन माणसं येऊन बाई कुठायत म्हणून विचारून गेली. कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. घर खायला उठतं. मला अहिल्या हवी आहे. लिहिलं एकदाचं.

२ मार्च
रीतसर अर्ज द्यायचं ठरवलं. विषय: घरी परत येणेबाबत. मीच नव्या केलेल्या कीबोर्डसमोर बसलो. दोन ओळींत चारदा वाटलं, काही लिहिलंच जात नाहीये. सोडून दिलं. चांगला अर्ज लिहिणारी या भागात एकच बाई.
घोलवडला रस्त्यावरूनच आवाज ऐकू आला. शिलाई मशीन नव्हे. खिळेही नव्हते. शैलेशने बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून जुना टाईपरायटर आणून दिलाय. पडवीत रांग होती. काळीच्या मागे बसलो, नंबर सातवा. काळी डोळे मिटून ऐकत होती. मीही मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.
माझा नंबर आला. अहिल्याने वर न बघता कोरा कागद चढवला आणि विचारलं, विषय काय?
सगळं पाठ करून गेलो होतो. तोंड उघडलं, आवाजच फुटेना. ती बोटं बटणांवर ठेवून थांबली. बराच वेळ थांबली.
मग तिने पुढच्या माणसाला बोलावलं.