शाळेच्या फॉर्मवरचं आडनाव

९ जानेवारी, संध्याकाळ

सकाळी रंजूचा फोन आला. मले कॅनडात तिच्याजवळ कायमचं राहता यावं म्हणून तिनं केलेला अर्ज अडकला. तिच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘रंजना भीमराव’ आहे, अन् माझ्या प्लांटमधल्या नोकरीच्या कागदांवर आडनावही आहे. तिकडचे विचारून राहिले, हा तिचा बाप कशावरून?

“बाबा, स्कूल में सरनेम कावून नाही लिहिलं?”

“शाळेतल्या बाबूची चूक असंल,” मी म्हणालो.

बाबूनं काहीच नाही केलं. फॉर्म मीच भरला होता. तेव्हा भाड्याची खोली पाहाले जावं, आडनाव सांगावं, अन् रिकामी खोली तेवढ्यात दुसऱ्याले दिलेली असायची. पोरीच्या वाट्याले ते नको, एवढंच डोक्यात होतं. पण जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढं चालणारा मी, अन् त्या फॉर्मवर... रंजूच्या आईलेही मरेपर्यंत सांगितलं नाही.

उद्या दुर्गच्या कचेरीत शपथपत्र करायचं आहे. वकिलानं दोनच गोष्टी लिहिल्या. मी रंजनाचा बाप आहे. आडनाव शाळेच्या बाबूच्या चुकीनं सुटलं.

पहिली खरी आहे.