शनिवारचा अंतिम सामना

मास्टरजी, फिजीतल्या तुमच्या फुटबॉल क्लबची स्मरणिका मला गेल्या आठवड्यात टपालाने मिळाली. तिच्यातील इतिहास क्लबच्या आजच्या तरुण सेक्रेटरीने लिहिला आहे आणि तो तीन ठिकाणी चुकला आहे. क्लब साखर कारखान्याच्या मॅनेजरने स्थापन केला नाही. तो तुम्ही केलात. पहिल्या संघाचे शर्ट परदेशातून आले नव्हते. ते पिठाच्या पोत्यांचे होते आणि शाळेमागच्या चुलीवर हळदीत रंगवले होते. या दोन चुका मी सोडून दिल्या असत्या. तिसरी अशी की, संस्थापक अमेरिकेत रमले होते आणि अंतिम सामन्याचे निमंत्रण मिळूनही ते आले नाहीत. हे विधान खोटे आहे, आणि खरे काय घडले ते आज जिवंत माणसांपैकी केवळ मला ठाऊक आहे.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या बॉथेलच्या ज्या कारखान्यात मी इंजिनिअर होतो, तिथे तुम्ही भांडारात सुटे भाग मोजून देत होतात. फिजीत आयुष्यभर शाळामास्तर असलेल्या माणसाला हे काम करावे लागते याचे तुम्हाला काही वाटत नसे. पहिल्याच दिवशी मी खिडकीशी येऊन थेट मागणीचा कागद पुढे केला, तेव्हा तुम्ही तो उलटा ठेवून म्हणालात, ''साहेब, पहिले राम-राम.'' अशा रीतीने मला कोणी सुनावल्याला बरीच वर्षे झाली होती. पुढे जेवणाच्या सुट्टीत तुम्ही क्लबचा इतिहास सांगू लागलात आणि मी तो वहीत उतरवू लागलो. ऊस तोडल्यावर रिकाम्या झालेल्या शेतात बांबूचे गोलपोस्ट. जाळलेल्या उसाची काजळी अंगावर घेऊनच खेळायला येणारे अनवाणी मजूर. पहिला विजय मिळाला तेव्हा विरुद्ध संघाची बोट उशिरा आली होती आणि त्यांचे नऊच खेळाडू मैदानात होते, हेही तुम्ही कधी लपवले नाहीत. नंतर याच अनवाणी संघाने बूट घालणाऱ्या शहरी क्लबांना हरवून जिल्ह्याची ढाल जिंकली. बॉथेलमध्ये फिजीहून आलेल्या लोकांचा रविवारचा संघ तुम्ही उभा केलात, तेव्हा मला त्याचा सेक्रेटरी नेमलेत. मी कागद नीट लिहितो, एवढ्याच कारणासाठी.

निमंत्रण आले तो दिवस मला स्पष्ट दिसतो. तुमच्या मुलीचे स्वयंपाकघर. तुम्ही कसाव्याचे कंद सोलत आहात आणि मी टेबलावर पत्र उघडून बसलो आहे. क्लब प्रथमच देशाच्या अंतिम सामन्यात पोचला आहे. सामना शनिवारी दुपारी आहे आणि संस्थापकांनी संघाला मैदानात घेऊन जावे अशी सर्वांची इच्छा आहे. तुम्ही सोलणे थांबवत नाही. फक्त सुरी हळू चालू लागते. वाटेत तारीखरेषा ओलांडावी लागते, म्हणून वारांचे गणित मी करतो. तिकडचा शनिवार म्हणजे आपला रविवार. तेव्हा शुक्रवारी निघालात तरी एक दिवस हाताशी राहील, असा निर्णय मी देतो.

''सेक्रेटरी साहेब, सनीचर तो हम लोग के फिजी में पहिले आवे.''

''मास्टरजी, आप फुटबॉल देखिए. भूगोल मैं देखता हूँ.''

''हम इस्कूल में भूगोल ही पढ़ावत रहा,'' तुम्ही म्हणता आणि हसता. मी हसत नाही. मी कागदावर पृथ्वीचे वर्तुळ काढतो, त्यावर रेघ मारतो आणि बाण उलट्या दिशेला दाखवतो. तुम्ही तो कागद बराच वेळ पाहता आणि मान डोलावता. तिकिटे काढून देणाऱ्या मुंबईच्या मुलीनेही फोनवर विचारले होते, ''काका, फिजीचे पॅसेंजर गुरुवारचं बुकिंग करतात. तुम्ही नीट चेक केलंत ना?'' मी म्हणालो, ''तुम्ही बुकिंग करा. वार मला कळतात.''

परत आल्यावर तुम्ही सरळ कामावर आलात. मी क्षमायाचनेची वाक्ये जुळवून खिडकीशी उभा होतो. तुम्ही म्हणालात, ''क्लब जीत गया.'' मी विचारले, तिथे काय सांगितलेत? ''बोला, सोता रहा, प्लेन छूट गया.'' का, असे विचारल्यावर तुम्ही सुटे भाग मोजतच उत्तर दिलेत, ''वहाँ सब जाने, हमार सेक्रेटरी बड़ा हुसियार आदमी. और का बोलता?'' मग क्लबची एक छोटी पताका खणातून काढून माझ्यापुढे ठेवलीत. मला वाईट वाटले, हे खरे. पण त्याआधी सुटल्यासारखे वाटले, हे अधिक खरे. त्यानंतर तिकडून तुम्हाला पुन्हा बोलावणे आले नाही. झोपेपायी अंतिम सामना चुकवणाऱ्या संस्थापकाला कोण बोलावील? तुमच्या अंत्यविधीला क्लबचे दोन जुने खेळाडू आले होते. त्यांच्याशी मी हवामानाविषयी बोललो.

क्लबला कळवायची दुरुस्ती अशी:

गुरुवार: संस्थापकांनी अमेरिकेतून निघायला हवे होते तो दिवस.

शुक्रवार: ते प्रत्यक्ष निघाले तो दिवस. त्यांचे विमान चुकले नाही. ते तीन तास आधी विमानतळावर होते. मीच त्यांना सोडले होते.

शनिवार: अंतिम सामना. क्लब एका गोलाने जिंकला. त्या वेळी संस्थापक विमानात होते आणि सामना अजून व्हायचा आहे, असे माझ्या सांगण्यावरून समजत होते.

रविवार: सकाळी ते उतरले आणि घरी न जाता सामान घेऊन थेट मैदानावर गेले.

हे इंग्रजीत लिहायला मला अर्धा तास पुरला असता. मी मराठीत लिहिले, कारण तिथे कोणालाही मराठी वाचता येत नाही.