डब्यातले जास्तीचे सव्वीसशे

१ एप्रिल
आर्थिक वर्ष संपलं. एस.टी.तून निवृत्त झाले ती आराम करायला, आणि जानेवारीत दवाखान्यात पेशंटच्या सोबत्यांना फुकट जेवणाचे डबे देणाऱ्या या संस्थेची खजिनदारकी गळ्यात पडली. आधीचे खजिनदार लेकाकडे पुण्याला गेले, जाताना पावत्यांची पिशवी माझ्या हातात. पावत्या मी रोज जुळवल्या. पण स्वयंपाकघरातला भाजी-मिरचीच्या खर्चाचा पत्र्याचा डबा कधी उलटा करून मोजला नाही. जेवढ्याच्या पावत्या, तेवढे पैसे त्यात टाकत गेले. आज मोजला. वहीप्रमाणे दोन हजार हवेत. निघाले चार हजार सहाशे.
तीनदा मोजले. तेवढेच. स्वयंपाक करणाऱ्या चंद्रकलाबाई परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "काय मोजायलाव बाई सकाळधरनं?" काही नाही म्हटलं.
बावीस वर्षं कंडक्टरकी केली आणि तिकिटं मोजून बॅग मोजली नाही. शाब्बास माझी.

२ एप्रिल
अप्पांना सांगितलं. संस्थेचे अध्यक्ष. मेडिकलचं दुकान, जीव साखरेचा, हिशोबात भोपळा. खूश झाले. "कमी तर न्हाई पडले नं? जास्तच हायत. द्या दानपेटीत टाकून, कुणाला कळतंय!"
या माणसाला कसं समजावू. एस.टी.त पैसे कमी पडले तर खिशातून भरता येतात. जास्त निघाले तर कंडक्टर चोर. घेतले आणि तिकीट फाडलं नाही, असाच अर्थ. म्हणून तर ड्यूटीवर जाताना पर्समधले स्वतःचे पैसेसुद्धा लिहून द्यायचे. एकदा लामजन्याला एक म्हातारी सुटे सात रुपये न घेताच घाईत उतरली, आणि पुढच्या थांब्यावर चेकिंग. सात रुपयांचा मेमो. बावीस वर्षांतला एकमेव. अजून कपाटात आहे.
इथे तर सव्वीसशे.

४ एप्रिल
गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलंय: "दवाखान्याचा डबा हातात आला आन् घरावर स्लॅब पडला." खाली हसणारी तोंडं. ती काही मी मोजत बसले नाही.
(मोजली. एकवीस.)
स्लॅब माझ्या ग्रॅच्युइटीचा आहे. कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू? कर नाही त्याला डर कशाला म्हणतात, ते खरं. पण डब्यात सव्वीसशे जास्त आहेत आणि ते कुठून आले हे मलाच माहीत नाही. म्हणजे डर आहे.

५ एप्रिल
धान्याच्या मोंढ्यातल्या शेटजींचा निरोप. दर महिन्याची तुरीची डाळ त्यांची. "हिशोब बघितल्याबिगर डाळ न्हाई." राग आला, पण चुकीचं काय बोलले? देणाऱ्यानं विचारायचं नाही तर कुणी. डाळ वीस तारखेपर्यंत पुरेल. पुढे? पेशंटला दवाखान्यात जेवण मिळतं, सोबत आलेल्याला नाही. खेड्यातली माणसं पायरीवर बसून पाण्यात बुडवून बिस्किटं खायची. आम्ही डबे सुरू केले ते त्यांच्यासाठी.
अप्पांना म्हटलं, एकट्या शेटजींना कशाला, गावाला दाखवू. फाटकाच्या भिंतीवर रंगवून टाकू. जमा, खर्च, शिल्लक.
"भिंतीवर? लोक एकेक आकड्यावर बोट ठिवतेल की!"
"त्याच्यासाठीच."
"मग तुमचा स्लॅबबी रंगवा तिथंच," म्हणाले. हसू आलं, चार दिवसांत पहिल्यांदा.
आता ते सव्वीसशे कुठल्या ओळीत लिहायचे?

७ एप्रिल
जुन्या खजिनदारांना पुण्याला फोन. "डबा? तो कशाला मोजायचा हो?" बरं. जोडीला जोड.

१० एप्रिल
सापडलं! आधी ते लिहिते, मग चहा.
काल बाजार होता. आज सकाळी सावलीला म्हणून स्वयंपाकघराच्या दाराआड पाट टाकून पावत्या लावत बसले. दाराच्या मागच्या अंगाला कोळशाच्या रेघा. रोज दिसायच्या, मला वाटायचं सिलिंडर आल्याच्या खुणा. आज शेवटची रेघ ताजी दिसली, बोटाला काळं लागलं. सिलिंडर तर मागच्या आठवड्यात आला. मोजल्या. चोपन्न. पण एक तारखेनंतर दोन बाजार झालेत, त्या दोन सोडल्या तर बावन्न. बावन्न गुणिले पन्नास.
चंद्रकलाबाईंना विचारलं. आधी भाकरी उलटली, मग बोलल्या. त्यांचे मालक आजारी होते तेव्हा त्या आणि त्यांची सासू एकोणीस दिवस दवाखान्याच्या पायरीवर. दोन वेळा आपलाच डबा. "शहात्तर जेवणं झाले बाई. हाटेलात सत्तर घेत्यात, म्या पन्नास धरले. चुकलं का?" मालक बरे होऊन शेतात गेले आणि या आमच्याकडे स्वयंपाकाला आल्या. तेव्हापासून दर बाजाराला मानधनातली पन्नासची एक नोट डब्यात आणि एक रेघ दारावर.
मी म्हटलं, अहो, दानपेटी आहे ना बाहेर!
"ती दान करनाराची हाय. म्या कुटं दान करायले? जेवले त्याचे द्यायले. तुमच्या येस्टीत बसल्यावर तिकीट काडतोच की."
मी कंडक्टर. मला हे सांगते. तिथेच पाटावर बसून रडले आणि त्यांनी माझ्यापुढे गरम भाकरी ठेवली. खाल्ली. जीव भांड्यात पडला तो असा.

११ एप्रिल
पावती करते म्हटलं तर बाई बिथरल्या. "भितीवर नाव दिसलं तर उंद्यापासून येनार न्हाई." नाव नाही तर नाही. पण पैसे लपवणार नाही, हे मीही सांगितलं. दोघीही अडून. वरण करपलं.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी वंदना, दुपारी सगळ्या वस्तीबरोबर जेवण. शेजारीण सगळ्यांदेखत म्हणाली, "स्लॅबवाल्या बाई, हिकडं बसा." बसले. उद्या-परवा भिंत बोलेल.

१६ एप्रिल
लातूर. सी.ए.नी वह्या पाहिल्या. म्हणाले, एवढ्याशा रकमेला नाव नसलं तरी चालेल, रक्कम मात्र लिहायलाच हवी आणि पावती हवीच. एस.टी.नं परत आले, खिडकीशी बसून. मार्चपर्यंतच्या सव्वीसशेची एकच पावती फाडली. नावाच्या जागी: जेवून गेलेल्या बाई.
चंद्रकलाबाईंनी वाचून घेतली, घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली. "हाव. हे खरं हाय."

१९ एप्रिल
सलीम पेंटरनं भिंत पूर्ण केली. अक्षर सुंदर. शेटजींचं नाव आणि दोन किलो शेंगदाणे देणाऱ्या मावशींचं नाव एकाच मापात, हे मी मुद्दाम बघितलं. दानपेटीच्या जमेखाली वेगळी ओळ: जेवणाऱ्यांकडून, २,६००.

२० एप्रिल
शेटजी स्वतः आले. चष्मा लावून भिंत वाचली, गॅसपासून मिठापर्यंत. पंधरा-वीस जण मागे उभे. ग्रुपवर हसणारे त्यातले दोन मला ओळखू आले. शेटजींचं बोट नेमकं त्या ओळीवर थांबलं.
"जेवणाऱ्यांकडून? जेवण तर फुकट हाय नं?"
"फुकटच आहे. पण कुणी आपणहून तिकीट काढलं तर नको म्हणायचं का?"
"कोण?"
"पावती आहे. नाव नाही."
खिडकीतून भाकरी थापण्याचा आवाज, जरा जास्तच जोरात. शेटजी माझ्याकडे बघत राहिले, मग खिडकीकडे. "डाळ दुपारून धाडतो," एवढंच म्हणाले. पोतं तीन वाजता आलं. घरी येऊन नव्या स्लॅबखाली आडवी झाले, पंखा लावून तासभर गाढ झोपले. महिन्यात अशी झोप नव्हती.

२४ एप्रिल
काल बाजार. आज डबा मोजला, आता रोज मोजते. पन्नास जास्त, एप्रिलमधली चौथी नोट. पावती फाडली, नाव तेच. दारावर छप्पन्नावी रेघ. वीस राहिल्या.
धीर करून विचारलं, "रेघा संपल्यावर येणार ना हो?"
चंद्रकलाबाई पीठ मळत होत्या. "संपू द्या की आदी," म्हणाल्या.