मांडवाखाली बसेल अशी केबिन

आबा, आपल्याला नवा ट्रॅक्टर घ्यायचाय आणि माझं काही केल्या ठरत नव्हतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्यात ठरवायचं काय, इंजिनचा आवाज ऐकायचा, टायर बघायचे आणि घेऊन यायचा. तुम्ही तसाच आणला होता. आष्ट्याच्या बाजाराला म्हणून सकाळी पिशवी घेऊन गेलात आणि दिवस कलताना लाल ट्रॅक्टरवर बसून आलात, पुढच्या जाळीला झेंडूचा हार. आई पिठाचे हात घेऊन दारात आली, ट्रॅक्टरकडं एकदा वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "आवं, भाजी कुठं हाय?" त्या दिवशी आपण पिठलं खाल्लं. मला ते अजून आठवतं, कारण तुम्ही जेवताना चार वेळा उठून ट्रॅक्टर जागेवर आहे का ते बघून आला होता.

मी मात्र चार महिने नुसती हिंडले. सांगलीतली शोरूम झाली, शेतीचं प्रदर्शन झालं, गावोगावच्या बागायतदारांना फोन झाले. छोटा ट्रॅक्टर हवा, द्राक्षाच्या दोन ओळींमधून जाईल असा, हे सांगितलं की विकणारे खूश होतात. पण त्यावर चहूबाजूंनी बंद अशी काचेची केबिन हवी, आत एसी हवा, बसायला नीट गादी हवी, असं म्हटलं की माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघतात. शेजारच्या मळ्यातले तुमचे जुने दोस्त तर तोंडावर म्हणाले, "पोरी, नाकापरीस मोती जड. एवढुशा ट्रॅक्टरवर एवढा बंगला कशाला?" मी हसले.

कशाला ते तुम्हाला सांगते. तुमच्या जावयांचा खोकला जात नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हा त्यांना खोकला नव्हता. पुढं हळूहळू सुरू झाला. दसऱ्याला फळछाटणी झाली, औषधं मारायला लागलो की यायचा आणि संक्रांतीच्या आसपास जायचा. आम्ही त्याला हंगामाचा पाहुणा म्हणायचो. यंदा संक्रांत झाली, पाडवा झाला, बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग लावतानाही ते खोकत होते. आता गणपती बसून उठले. पाडव्यानंतरच सांगलीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, एका नळीत फुंकायला लावलं, आणि फुंकून झाल्यावर त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाला की औषधाच्या तुषारात हे पुन्हा गेले तर पुढचं मला विचारू नका. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. ते जिना चढले तर मी खालून पायऱ्या मोजते. फोन उचलायला उशीर झाला की मी चपला घालून बागेकडं निघते.

तुमच्या वेळी पाईप धरून फवारायचो. आता ट्रॅक्टरच्या मागं ब्लोअर असतो, मोठा पंखाच तो, औषधाचा धुरळा करून वेलीवर फेकतो. वारा जरा फिरला की तोच धुरळा चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. पाऊस लांबला तर एक दिवसाआड फवारावं लागतं, हे मी तुम्हाला काय सांगावं. फवारायला माणूस ठेवू म्हटलं, तर तुमचे जावई म्हणाले, "आगं, त्याच्या छातीला काय पत्रा बसवलाय व्हय? मला नको ते त्याला द्यायचं?" बाग सोडून देऊ म्हटलं तर ते उठून गुरांना वैरण टाकायला गेले. मग राहिली केबिन. दसऱ्याच्या आत ती दारात यायला हवी, आणि दसरा काय माझ्यासाठी थांबणार नाही.

शोरूममधला पोरगा गोड होता. मी विचारलं, केबिनमध्ये औषधाचा वास येतो का. तो म्हणाला, "मॅडम, धुळीचा कण येणार नाही." मी म्हटलं, धूळ नाही रे बाबा, वास, वाफ. तो म्हणाला, "आणि गाण्यांसाठी स्पीकर पण आहेत." शेवटी तिथल्याच दुसऱ्या माणसानं सांगितलं की साधी जाळी धूळ अडवते, वाफेला कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो हंगामात बदलावा लागतो. मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग त्यांनी मला आत बसवलं आणि दार लावलं. आबा, काय सांगू, आत देवळाच्या गाभाऱ्यासारखं गार आणि शांत होतं. इंजिन चालू होतं हे नुसतं गादीला कळत होतं.

आणि मला तुमची बोलणी आठवली. मी सोळा वर्षांची, तुमचा लाल ट्रॅक्टर पहिल्यांदा बागेत घातलाय, आणि मागचं चाक मांडवाच्या खांबाला धडकवलंय. तुम्ही पळत येता. मला वाटतं आता थोबाडीत बसणार. तुम्ही वाकलेला खांब बघता, मग मला म्हणता, "कान कुठं ठिवलं हुतंस? तार कवाधरनं किरकिरतीय. ट्रॅक्टर डोळ्यानं न्हाई चालवायचा, कानानं चालवायचा." पण तुम्ही मला खाली उतरवत नाही. शेजारी मडगार्डवर बसता आणि पूर्ण ओळ माझ्याकडूनच चालवून घेता. गावात तेव्हा एकही मुलगी ट्रॅक्टर चालवत नव्हती. एकटीच होते मी तुम्हाला, मुलगा असता तर मला शिकवलं असतं का, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही.

तर मी त्या केबिनमध्ये बसले होते आणि काचेपलीकडं तुमचे जावई त्या पोराशी बोलत होते. बोलता बोलता ते वळले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, त्यांची पाठ हलायला लागली. मला काहीच ऐकू आलं नाही. वर्षभर मी तो आवाज ऐकतेय, आणि पहिल्यांदाच तो बंद होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं, एखाद्या घटकेपुरतं. मग मला माझीच इतकी भीती वाटली की दाराची कडी कुठं आहे तेच सापडेना. तो पोरगा धावत आला आणि त्यानं बाहेरून दार उघडलं.

तरी तोच ट्रॅक्टर मी नक्की केला. उंची मी आधीच घेऊन ठेवली होती. वैशाखात खरड छाटणी झाल्यावर रस्त्याकडच्या बागेत बांबू उभा करून मांडवाच्या तारेपर्यंत खूण केली होती, आणि तो बांबू टेम्पोत घालून शोरूमला नेला होता. केबिन खुणेपेक्षा चार बोटं खाली होती. मी नाव नोंदवून आले, पेढे आणले. घरी तुमच्या जावयांनी पेढा हातात धरून विचारलं, "बांबू कवा लावला हुतास?" वैशाखात, म्हटलं. ते म्हणाले, "रिकाम्या मांडवाची उंची घेतलीस व्हय. पानं फुटली, घड सुटलं की तारा किती खाली येत्यात, तुला मी सांगायचं?" द्राक्षाच्या मांडवाखाली रांगायला शिकलेली मी, आणि ही चूक केली. काळजीनं माणसाची अक्कल जाते असं आई म्हणायची, ते काही उगाच नाही.

रस्त्याकडच्या बागेचं जमेल. तो मांडव जावयांनी घातलेला, उंच आहे, तारा ताणून मध्ये टेकू दिले की केबिन जाईल. अडलंय ते ओढ्याकडच्या तुमच्या बागेपाशी. तिथं केबिन शिरतच नाही. शिरणार कशी? तो मांडव तुम्ही घातलात तो दिवस मला लख्ख आठवतो. गवंडी आणि लोखंडवाले थांबलेत, आणि तुम्ही आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलंय. ती ठेंगणी, पदर सावरत उभी. तुम्ही तिला म्हणालात, "हात वर कर. लय न्हाई, सुखानं जाईल तेवढाच." तिनं केला. तुम्ही तिच्या बोटांपाशी खडूनं खूण केलीत आणि लोकांना सांगितलंत की तार हितनं. घड विरळायला बायका दिवस दिवस हात वर करून उभ्या असतात, तिचे खांदे रात्री धरायचे, हे तुम्ही बघितलं होतं. बाहेर मात्र सगळ्यांना सांगत राहिलात की बुटक्या मांडवाला लोखंड कमी लागतं. आईनंही ते कधी खोडलं नाही.

एका फिटरनं बुटकी केबिन करून देतो म्हटलं. त्याच्याकडची तयार केबिन बघितली, त्यात जावयांना बसवून बघितलं. त्यांची उंची तुम्हाला ठाऊक आहे, लग्नात आंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखले होते. मान वाकडी, गुडघे स्टिअरिंगला, आणि तसं दुमडून बसल्यावर दोन मिनिटांत खोकल्याची उबळ. ज्याच्यासाठी केबिन करायची, तोच आत मावत नाही. आम्ही त्या माणसाचा चहा घेतला आणि परत आलो.

वाटेत ते म्हणाले, "असं करू. ट्रॅक्टर तू म्हणतीस तोच घेऊ. रस्त्याकडची बाग त्यानं मारू. आबांची बाग मी पाईपनं मारीन, तेवढी." तेवढी म्हणजे पाऊण एकर, पाईप हातात, डोक्यावर मांडव आणि वरून गळणारं औषध. मी गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, ती बाग काढून टाकू. ते म्हणाले, "आबांच्या बागंला हात लावायचा न्हाई." मी म्हटलं, आबा गेलेत. ते म्हणाले, "व्हय. पर बाग हाय की. आबा काय म्हणतील?" अठरा वर्षांनी, आबा. छातीचा फोटो मागच्या सीटवर पडलाय आणि तुमचे जावई तुमच्या मर्जीची काळजी करतायत. मी त्यांना वाट्टेल ते बोलले. तुम्हालाही बोलले. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "चल आता, दूध काढायचं ऱ्हायलंय."

सोमवारी जेसीबी येतोय. तुमची बाग मी काढतेय. वेली म्हाताऱ्या झाल्यात, दोन वर्षं माल कमीच येतो, असं मी भावकीला सांगितलंय, आणि ते खोटंही नाही. पण कारण ते नाही. मी तिथं एकदा जाऊन आले, आईच्या बोटांच्या उंचीची तार हातानं धरून उभी राहिले. मीही तिच्याएवढीच आहे, माझाही हात सुखानं जातो. मला रडू आलं आणि तरी माझं मन बदललं नाही. ट्रॅक्टर वेळेत येईल का, फिल्टर खरंच वाफ अडवेल का, डॉक्टर म्हणाला ते आधीच होऊन गेलं असेल का, ह्यातलं मला काही ठाऊक नाही. तुम्ही छातीच्याच दुखण्यानं गेलात. औषधानं गेलात असं मी म्हणत नाही, तुम्ही बिडीही ओढत होता. पण मी आता कुणाच्याही छातीवर पैज लावणार नाही.

एक राहिलं. लग्नानंतरची पहिली फवारणी. ते आटपाडीकडच्या कोरडवाहू रानातून आलेले, द्राक्षाचं औषध त्यांनी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही पिंपाशी मोरचूद आणि चुना कालवत होता, कोपरापर्यंत हात निळे. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तोंडाला बांधाय एखादं फडकं मिळंल का?" खुंटीवर चार रुमाल होते. मी तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आमच्यात तोंड बांधून बाग करत न्हाईत." तुम्ही मान वर केली आणि हसलात. बाप आपल्यावर खूश झाला, एवढंच मला तेव्हा दिसलं. घरजावई म्हणून गावानं त्यांना आधीच टोमणे मारले होते, त्यात बायकोनं भर घातली. तेही हसले आणि पाईप उचलून बागेत गेले. फडकं त्यांनी पुन्हा मागितलं नाही. तुम्ही गेल्यावर नाही, डॉक्टरनं सांगितल्यावरही नाही. ते आबांना भितात असं मी सगळ्यांना सांगत आलेय. तुम्ही तर त्या दिवशी एक शब्दही बोलला नव्हता.

हे खरं तर त्यांनाच लिहायचं होतं. दोनदा कागद घेतला, पहिल्या ओळीच्या पुढं गेले नाही. ते बाहेर ओट्यावर बसलेत, दहा पावलांवर. तुम्हाला लिहायला सोपं गेलं, कारण तुम्ही वाचणार नाही.