बोट बसवावं, गुडघा नाही

अण्णा, तुमचा दमा कसा आहे? तिकडे तरी आडवं पडून झोपता येतं का? आईच्या पायांची सूज उतरली का? आत्याला आता ऐकू येतं, की अजूनही तिच्याशी ओरडूनच बोलावं लागतं? इकडे लेकाचं बीपी गोळीवर आहे, सूनबाईची पाठ धरते, नातीला चष्मा लागला. मी बरी आहे. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी तुमचीच शिकवण, आधी दुसऱ्याची खुशाली विचारावी, मग आपलं रडगाणं गावं. तर आता माझं ऐका.

आम्ही दुबईशेजारी अजमानला असतो. लेक रोज कंपनीच्या बसने जबल अलीला जातो, आणि नुसतं बसून काय करू म्हणून मी बिल्डिंगमधल्या लोकांना पोळ्या लाटून देते. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत सहा फिलिपिनो मुली राहतात. प्रत्येकीच्या मालकीची एक खाट, तेवढंच घर. त्यातली एक, चांगली ताडमाड, सुपरमार्केटच्या काउंटरवर असते. मागच्या वर्षी एका दुपारी ती पोळ्या न्यायला आली ती गाजराएवढं सुजलेलं बोट घेऊन. मी विचारलं, "अगं, ये क्या हुआ?" म्हणाली, "व्हॉलीबॉल, तिता." तिता म्हणजे त्यांच्यात मावशी.

अण्णा, व्हॉलीबॉल ऐकलं आणि माझे हात आपोआप परातीतून बाहेर आले. शाळेचं मैदान, तुम्ही फक्कीने आखलेल्या रेघा, आणि तेलाची बाटली धरून उभी असलेली मी. पोराचं बोट हातात घेऊन तुम्ही विचारता, "काय रे, आज घरी कालवण कसलं?" तो बिचारा आठवायला लागतो आणि तेवढ्यात तुम्ही बोट ओढून बसवता. मीही तेच केलं. "आज खाने में क्या है?" ती "अडोबो" म्हणेपर्यंत काम झालं होतं. ती किंचाळली, मग बोट वाकवून बघितलं, आणि मला अशी मिठी मारली की तिच्या युनिफॉर्मवर सगळं पीठ.

मग ती रोज थोडा वेळ बसायला लागली. आपल्याकडे क्रिकेट तसा त्यांच्याकडे हा खेळ, आणि तोही मुलींचा. ती सेटर होती, म्हणजे दुसरीने मारावा म्हणून चेंडू वर उचलून देणारी. कॉलेजच्या टीममध्ये गाजली, मग दोन वर्षं मोठ्या क्लबात होती. फोनवर तिने मला खच्चून भरलेलं स्टेडियम दाखवलं. "तू कुठेयस यात?" तिने कडेच्या बाकावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "बाकावर बसून एवढी मिजास?" तर हसून म्हणाली, "तिता, त्या बाकासाठी सुद्धा शंभर मुली रांगेत असतात." पुढे क्लबाने ठेवलं नाही, घरी भावंडं शिकत होती, म्हणून ती इथे आली. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या हॉलमध्ये त्यांच्या टीमांची स्पर्धा चाले. आणि अचानक तिच्या जुन्या कोचने कळवलं, फायनलचा व्हिडिओ पाठव, चांगली खेळलीस तर क्लबाच्या चाचणीला बोलावतो. ती सत्तावीसची. "इस साल नहीं तो खलास, तिता."

फायनलला चार दिवस होते आणि तिचा गुडघा धरला. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाली, "डॉक्टर रेस्ट बोलेगा. तुम करो ना, फिंगर जैसा." सोफ्यावरून नात म्हणाली, "आजी, डोन्ट. यू आर नॉट अ डॉक्टर." "तू गप गं! तुझे पणजोबा अख्ख्या तालुक्याची हाडं बसवायचे," असं म्हणून मी तिळाचं तेल कोमट केलं. चोळलं, दाबलं, पाय ओढला, जुन्या सुती साडीची पट्टी करकचून बांधली. या वेळीही जेवणाचं विचारलं, पण तिने नुसते डोळे मिटून घेतले. मग उठून चालली. "नो पेन, तिता!" मी पुरीसारखी फुगले.

फायनलला लेकाने आम्हाला गाडीतून नेलं. काय खेळत होती, अण्णा! चेंडू असा हलका वर ठेवायची की तुम्ही नक्की शिट्टी मारली असती. दुसऱ्या सेटला ती उडी मारून खाली आली, अंग वळलं आणि गुडघा मात्र वळला नाही. मला आवाज बिवाज काही आला नाही. फक्त तिचा हात जमीन चाचपताना दिसला.

आतला बंध पुरता तुटला होता. डॉक्टर म्हणाला, आधीच अर्धा गेलेला असणार, विश्रांती दिली असती तर कदाचित. त्याने विचारलं, हे चोळलं कोणी? ती म्हणाली, "माय आंटी." मी शेजारीच उभी होते. कोचने "गेट वेल" लिहिलं आणि दुसरीला बोलावलं.

आता ती काउंटरवर स्टूल घेऊन बसते. पोळ्या न्यायला येते तेव्हा लिफ्ट बंद असली की एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरते. मीच वर नेऊन देते म्हटलं तर ऐकत नाही. उलट माझीच समजूत काढते, "ओके लांग, ठीक है, तिता. तुमको मालूम नहीं था." मी मान हलवते.

अण्णा, तुम्ही मला आयुष्यात एकदाच मारलंत. मी बारा वर्षांची, टीमचा कॅप्टन गुडघा धरून बसलेला, आणि मी मोठ्या ऐटीत त्याच्यावर अंगठा ठेवला. सगळ्या टीमदेखत तुम्ही माझ्या हातावर फटका दिलात. "बोट बसवावं. गुडघ्याला हात लावायचा नाही. तिथलं आपल्याला काही दिसत नाही." संध्याकाळी तेलाची बाटली माझ्या हवाली केलीत, म्हणालात, ही आता तुझी. ती मी इथवर आणली आहे. त्या पोरीच्या गुडघ्याला लावलेलं तेल त्या बाटलीतलंच होतं.

मला माहीत होतं, अण्णा. तिच्या गुडघ्यावर अंगठा ठेवला तेव्हा तुमचं ते वाक्य मला शब्दन् शब्द ऐकू आलं. पण नातीसमोर, त्या पोरीसमोर मला एकदा तुमच्याएवढं व्हायचं होतं.

हे पत्र पोळ्यांच्या डब्याखालच्या कागदात राहील, तिथे कोणी हात घालत नाही. ती संध्याकाळी येईल. तिला सांगू की नको, तेवढं लवकर लिहून कळवा.