चित्रं बघायला येणारे मास्तर

बेल्लूनो, ता. ६ मार्च १९७८

ती. एल्विराताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, इथे कोणी आजारी नाही. बातमी अशी की जूनच्या पहिल्या आठवड्यात मी व्हेनिसला येतेय, आणि तीही चित्रं बघायला. हस खुशाल. आपण दोघी त्या गल्ल्यांत जन्मलो, कालव्यात पडलो म्हणून आईचा मार खाल्ला, पण ज्या चित्रांसाठी सगळं जग तिथे लोटतं त्यातलं एकही कधी धड बघितलं नाही. चित्रं कुठे पळून जातायत, उद्या बघू, असं म्हणता म्हणता मी लग्न होऊन डोंगरात आले आणि तू बासष्टची झालीस.

आता खरी गोष्ट. माझ्याबरोबर फेरुच्चो येणार आहे. इथल्या शाळेत चित्रकला शिकवायचा, आता घरीच असतो, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने मला लग्नाचं विचारलंय, ताई. मला, या वयात. मी ना हो म्हटलं ना नाही. व्हेनिसचा आठवडा होऊ दे, मग सांगते, असं सांगून वेळ मारून नेली. तू त्याला नीट पारखून घे आणि मला काय ते स्पष्ट सांग. आत्तिलियोशी लग्न करताना मी तुझं ऐकलं नाही. देव त्याला शांती देवो, पण इतक्या वर्षांत त्या माणसाने ताटातून मान वर करून माझ्याकडे कधी बघितलं नाही. केस कापून आले तरी त्याला पत्ता नसायचा. पुन्हा तसल्याच्या गळ्यात पडायची मला भीती वाटते.

फेरुच्चो म्हणतो, दिवसाला एकच चित्र बघायचं, पण पोटभर. तुझी माया असू दे, चेष्टा तेवढी आवर.

तुझी,
नीवेस


व्हेनिस, ता. १४ मार्च

चि. नीवेस हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी जिन्यातच वाचलं आणि इतकी हसले की खालची मासेवाली पाल्मिरा काय झालं म्हणून बघायला आली. तिला चित्रांचं सांगितलं, मास्तरांचं नाही. तिला सांगणं म्हणजे चौकात दवंडी पिटणं.

दिवसाला एकच चित्र? मग उरलेला दिवस काय माशा मारायच्या? पण बोलता बोलता मलाही खाज सुटली. काल सकाळी आपल्याच चर्चमध्ये गेले. डाव्या बाजूला ते काळंकुट्ट चित्र आहे ना, मरियेला देवदूत निरोप सांगतोय ते? जन्मभर त्याच्याखाली बसून मी प्रवचनात डुलक्या काढल्या. काल खिडकीतून त्यावर जरासं ऊन आलं आणि मला देवदूताचे पाय दिसले. अनवाणी, मळलेले, आपल्या बाबांचे असायचे तसे. मी तिथेच रडले, बाई. हे मास्तरांना सांगू नकोस, म्हातारी हळवी आहे असं वाटायचं त्यांना.

परीक्षा मी होडीत घेणार. मोठा कालवा ओलांडताना आपण उभे राहतो, बसतात ते पाहुणे. मास्तर बसले तर नापास. झोपायला त्यांना स्वयंपाकघराशेजारची खोली देईन, आणि तू माझ्या डोळ्यांसमोर राहशील. हातपाय धडधाकट ठेव आणि मला विसरू नकोस.

तुझी ताई,
एल्विरा


बेल्लूनो, ता. १० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं रडणं आणि होडीतली परीक्षा सोडून बाकी सगळं त्याला वाचून दाखवलं. ऊन सरकलं की चित्र उघडतं, हे ऐकून तो खुर्चीतून उठलाच. आता म्हणतो की सगळा आठवडाच उन्हावर बेतायचा. कुठल्या चर्चमध्ये कुठल्या वेळी उजेड येतो ते आधी जाऊन बघणार. पंचवीस एप्रिलच्या सुट्टीला त्याचा भाचा त्याला स्टेशनवर सोडेल, रात्रीच्या गाडीने परत. मला येता येणार नाही, नातवाला गोवर आलाय आणि सूनबाई कामावर जाते.

त्याला जेवू घाल. साधा आहे गं तो, घरून निघताना एक मोजा निळा आणि एक काळा घालील. खरं सांगायचं तर मला धाकधूक होतेय. तू नाक मुरडलंस तर मी काय करू, हे मला अजून कळलेलं नाही. सांभाळून घे आम्हाला.

तुझी,
नीवेस


व्हेनिस, ता. २६ एप्रिल

चि. नीवेस हिस,
अ. उ. आ.

काल मास्तर येऊन गेले आणि अख्ख्या चौकाने माझं लग्न ठरवलं. खाली बस, सांगते.

पंचवीस एप्रिल लिहिताना तुझ्या डोक्यात काहीच आलं नाही? सेंट मार्कच्या दिवशी इथला पुरुष जिच्यावर त्याचा जीव आहे तिला लाल गुलाबाची एक कळी देतो, हे डोंगरात राहून विसरलीस? मास्तरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. स्टेशनबाहेर जो तो कळी घेतोय, आणि पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून त्यांनीही एक घेतली. त्यावर कडी म्हणजे, चौकाच्या मधोमध उभं राहून पाल्मिरालाच विचारलं की एल्विराबाई कुठे राहतात. मी पिठाच्या हातांनी, एप्रनवर खाली आले. मास्तरांनी टोपी काढली, कमरेत वाकले आणि कळी माझ्या हातात दिली. लोकांनी टाळ्या पिटल्या. पाल्मिरा तर रडली, म्हणाली, उशिरा का होईना, देवाने डोळे उघडले. टाळ्या कशाला, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की आम्ही पाहुण्यांचं असंच स्वागत करतो.

मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. का करू? एवढ्या आयुष्यात ती कळी मला पहिल्यांदा मिळाली. दिवसभर पदकासारखी छातीवर लावून हिंडले आणि मला फार फार बरं वाटलं.

चर्चमध्ये ते चित्रासमोर इतका वेळ उभे राहिले की माझे पाय भरून आले. ऊन कधी आलं, कधी गेलं, सगळं वहीत टिपलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले की नीवेसही तुमच्यासारखाच डाव्या हाताने चष्मा वर सारते. होडीत उभे राहिले, पण हेलकावा बसला तशी माझ्या खांद्याला घट्ट धरलं, आणि नावाड्याने आम्हा दोघांना आशीर्वाद दिला. मटारभात तीनदा घेतला.

माझा निकाल तू आल्यावर सांगेन. तुला नकोच असतील तर मात्र लवकर कळव. चौकाचं मन मोडवत नाही मला.

जीव लावून असणारी तुझी ताई,
एल्विरा


बेल्लूनो, ता. २९ एप्रिल

ताई,
नमस्कार केला असं समज.

तुझं पत्र वाचताना दूध उतू गेलं, तरी मी हलले नाही. मग पोराला शेजारणीकडे दिलं आणि घरातल्या सपाता घालूनच फेरुच्चोकडे गेले. तो टेबलावर उन्हाचा तक्ता आखत बसला होता. कळीचं विचारलं तर म्हणतो, हो, दिली की, छान बाई आहे तुझी ताई. छान बाई म्हणे. माझा तोलच गेला. मी जिना दणाणेल अशी ओरडले की गाव माझं, सण माझा, कळी माझी आणि तूही माझाच, आणि यापुढे दुसऱ्या बाईला साधं गाजर जरी दिलंस तरी याद राख.

त्याने चष्मा काढला. व्हेनिसनंतर जे सांगणार होतीस ते हेच का, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, हेच. म्हणजे हो का, असं त्याने पुन्हा विचारलं. मी हो म्हणून इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी जमीन बडवली.

मग तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. केस सुटलेले, नाक लाल, अंगाला दुधाचा वास, तरी बघतच राहिला. ताई, मला तोंड कुठे लपवू असं झालं, आणि त्याने बघणं थांबवू नये असंही वाटत होतं. मी आयुष्यात इतकी खूश कधीच नव्हते.

तेव्हा तुझा निकाल तुझ्याजवळच ठेव. पाल्मिराला आणि नावाड्याला काय सांगायचं ते तूच निस्तर, मिरवलीस ना. जूनचा बेत ठरल्याप्रमाणे, चित्रं सगळी बघायची. फक्त त्या आठवड्यातली एक सकाळ चित्राशिवाय ठेव. पाद्रीबाबांना विचार, त्यांना कुठली मोकळी आहे.

तुझी, आणि आता त्याचीही,
नीवेस